नागपूरहून .४४ मॅग्नमपर्यंत: जड रिव्हॉल्व्हर पहिल्यांदा चालवणाऱ्यांसाठी

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या एअर पिस्तूल रेंजवर एक ठरलेला प्रश्न येतो. मुलगा टेक्सासला, नाहीतर जावई शिकागोला, तिकिटं निघालेली असतात, आणि काका हळूच विचारतात, "सर, तिकडे ते मोठं मॅग्नम रिव्हॉल्व्हर चालवायला मिळते म्हणते पोरगा. मनगट तर नाही ना जाणार?" नीट शिकून गेलात तर मनगट सहसा जात नाही. जाते ती हिंमत. पहिल्याच बाराला शरीर इतकं दचकतं, की पुढचे सगळे बार टार्गेटच्या खाली जातात आणि माणूस "आपल्या बस की बात नाही" म्हणून परत येतो.

ज्यांनी कधी हत्यार हातात धरलेलं नाही, किंवा फार तर एनसीसीत असताना .२२ रायफलचे बार मारलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. ताकद लागते हा समज आधी सोडा. लागते ती सवय, आणि ती पायरीपायरीनंच लागते. बऱ्याचशा पायऱ्या नागपुरातच चढून होतात.

आधी कायदा, मग हौस

नागपुरात तुम्हाला .४४ मॅग्नम (मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस) चालवायला मिळणार नाही, हे सरळ सांगून टाकतो. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या चौकटीत आपल्याकडे सामान्य परवानाधारकाच्या हाती येणारं रिव्हॉल्व्हर म्हणजे बहुतेक वेळा .३२ बोअरचं (नळीची आतली रुंदी साधारण .३२ इंच). २०१४ साली कानपूरच्या आयुध निर्माणीनं आणलेलं 'निर्भीक' त्याच बोअरचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. .३८, .४५५ आणि ९ मिमी हे बोअर लष्कर-पोलिसांचे, म्हणून प्रतिबंधित. बाहेरून हत्यार आयात करणं नावाजलेल्या नेमबाजांना जमतं, तुम्हाआम्हाला नाही. परवाना हवाच असेल तर शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. ती वेगळी आणि लांबलचक कहाणी आहे, इथे तिचं काम नाही.

एक मात्र बजावून सांगतो. ओळखीतल्या कोणाचं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर घेऊन फार्महाऊसवर "एक बार मारून पाहू" म्हणणं, वरातीत हवेत गोळ्या झाडणं, हे चालत नाही. लोकांच्या जिवाला धोका होईल असा बेफिकीर किंवा आनंदाच्या भरातला गोळीबार केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दसऱ्याला शस्त्रपूजा करा, बार उडवू नका.

मग शिकायचं कशावर? एअर पिस्तुलावर. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअरचं आणि २० ज्यूलपेक्षा कमी शक्तीचं एअर पिस्तूल परवान्याशिवाय चालतं. १० मीटरच्या रेंजवर ते शिकवणारी माणसं शहरात आहेत. धक्का त्यात जवळजवळ नाहीच, आणि शिकायला तेच सोयीचं.

खेळातही एवढी मोठी हत्यारं नसतात, हेही कळून असू द्या. २५ मीटर सेंटरफायर पिस्तूल या प्रकारात, ज्यात जसपाल राणानं १९९४ च्या हिरोशिमा आणि २००६ च्या दोहा एशियाडमध्ये सुवर्ण मिळवलं, ९.६५ मिमीपेक्षा मोठा बोअर चालतच नाही. .४४ मॅग्नमचा जन्म मुख्यतः शिकारीसाठी झाला; जंगलात अस्वल अंगावर आलं तर जीव वाचवण्यासाठीही ते बाळगतात. हौसेचे बार त्यामागून आले.

धक्क्याचा हिशोब

न्यूटनचा तिसरा नियम दहावीपर्यंत सगळ्यांनी पाठ केलेला असतो, तोच इथे तळहातावर येतो. गोळी जितकी जड आणि जितकी वेगवान, तितका धक्का मोठा. रिव्हॉल्व्हर जितकं जड, तितका तो कमी. मी ढोबळ आकडेमोड करून देतो. काडतूस आणि हत्यार बदललं की आकडे मागेपुढे होतील.

.३२ ची गोळी सहा-साडेसहा ग्रॅमची, वेग सेकंदाला २१५ मीटरच्या आसपास. सातशे ग्रॅमच्या रिव्हॉल्व्हरमधून तिचा उलटा धक्का साधारण दीड ज्यूल बसतो. .३५७ मॅग्नमची गोळी दहा ग्रॅमची, वेग ३८० मीटर. सव्वा किलोच्या आतल्या रिव्हॉल्व्हरमधून धक्का बारा ज्यूलच्या घरात. .४४ मॅग्नमची गोळी साडेपंधरा ग्रॅमची, वेग चारशेच्या वर, रिव्हॉल्व्हर १.३ किलोचं असूनही धक्का चोवीस-पंचवीस ज्यूल. म्हणजे आपल्या .३२ च्या पंधरापट. आणि .५०० मॅग्नम? रिव्हॉल्व्हर दोन किलोचं, सिलिंडरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या चकरीत, सहाऐवजी पाचच गोळ्या मावतात, आणि धक्का साठ ज्यूलच्या आसपास.

हे सगळं एकदम आलेलं नाही. .३५७ आलं १९३५ मध्ये, .४४ मॅग्नम १९५५ मध्ये. १९८३ मध्ये .४५४ कॅसुलचं रिव्हॉल्व्हर बाजारात आलं आणि २००३ मध्ये स्मिथ अँड वेसन कंपनीनं .५०० काढलं. कारखान्यांनी जवळजवळ सत्तर वर्षं घेऊन ज्या पायऱ्या चढल्या, त्या नवशिक्याला एका दुपारी उडी मारून ओलांडायच्या असतात!

नुसत्या ज्यूलवर मात्र जाऊ नका. रिव्हॉल्व्हरची नळी मुठीच्या बरीच वर असते, त्यामुळे धक्का सरळ मागे न येता हत्याराला वर फिरवतो. नळीचं तोंड आभाळाकडे उसळतं आणि मुठीचा मागचा भाग अंगठ्याच्या मुळाशी घुसतो. पिस्तुलात मागेपुढे सरकणारी स्लाइड आणि तिची स्प्रिंग धक्का थोडा पसरवून देतात. रिव्हॉल्व्हरमध्ये मधे काहीच नाही, सगळं थेट हाताला. म्हणून "छोटं आहे, हलकं आहे, मला झेपेल" हा विचार उलटा आहे. त्याच ताकदीच्या काडतुसाला हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर सगळ्यात वाईट मारतं. रेंजवर निवडायला मिळालं तर लांब नळीचं, पूर्ण पोलादी आणि रबरी मुठीचं मागा.

नागपुरातली तयारी

निघायच्या आधी महिनाभर हातात असेल तर उत्तम.

पहिलं काम ट्रिगरचं. बोटाच्या पहिल्या पेराचा मध्य ट्रिगरवर ठेवायचा आणि तो सरळ मागे इतका हळू दाबत आणायचा, की बार नेमका केव्हा सुटेल हे स्वतःलाही कळू नये. ऐकायला सोपं वाटतं. करताना महिना जातो. नजर फ्रंट साइटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या खुंटीवर; टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं.

दुसरं काम दचक ओळखायचं. मॅच एअर पिस्तुलात कोरडा ट्रिगर मारायची सोय असते. रेंजवर प्रशिक्षकाला सांगा, की पिस्तूल तो भरून देईल, पण छर्रा आहे की कोरडं आहे हे सांगणार नाही. तुम्ही फक्त नेम धरून ट्रिगर दाबायचा. मागे एका भावाला असं करायला लावलं. तीन वेळा छर्रा गेला, चौथ्यांदा पिस्तूल कोरडं होतं. टक् झालं आणि नळीचं तोंड टिचभर खाली गेलं. धक्का नव्हता, आवाज नव्हता, तरी हातानं येणाऱ्या धक्क्याला आधीच उत्तर देऊन टाकलं होतं. "हे मी केलं?" म्हणून तो पिस्तुलाकडेच पाहत राहिला. मॅग्नमच्या वेळी हीच दचक दहापट होते. ती आहे हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मं काम झालं. तिथल्या रेंजवर हाच प्रकार डमी राउंड, म्हणजे नकली काडतूस, घालून करून घेतात.

तिसरं काम किरकोळ. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली दोन्ही हातांनी समोर धरून रोज थोडा वेळ उभे राहा. दंड फुगवायचे नाहीत, फक्त खांदे वर न चढवता वजन धरायची सवय हवी. आपल्या मे महिन्यात तळहात घामानं निसरडे होतात, तेव्हा हात पुसून घ्यायची सवयही इथेच लावा.

मनगटात किंवा मानेत जुनं दुखणं असेल, डोळ्यांचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. गरोदर बाईनं जाऊच नये; आवाज आणि शिशाचा धूर, दोन्ही पोटातल्या बाळाला चांगले नाहीत.

व्हिसाची भानगड

इथे आपली माणसं हमखास फसतात, म्हणून जरा थांबून वाचा.

अमेरिकेत रेंजवर भाड्यानं हत्यार मिळतं, पण तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवायला मनाई आहे. टुरिस्ट व्हिसा त्यात आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला, नोकरीवाल्या पोरांचा एच-१बीसुद्धा आला. रेंजवर घटकाभर हातात घेणंही ताबाच धरला जातो. याला काही अपवाद आहेत. आपल्याला लागू पडण्यासारखा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू मुदतीचं शिकारीचं लायसन्स. ते परदेशी पाहुण्यालाही काढता येतं, मात्र काही राज्यांत आधी छोटा अभ्यासक्रम करावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही.

"माझ्या मित्राला तर कोणीच विचारलं नाही" हे ऐकून जाऊ नका. रेंजवाल्यानं विचारलं नाही म्हणून कायदा बदलत नाही, आणि अडकलात तर पुढचा प्रत्येक व्हिसा अडकतो. जाण्याआधी रेंजला ईमेल करून आपला व्हिसा कोणता ते स्पष्ट लिहा आणि उत्तर लेखी घ्या. मुलाला "तू बघून घे" म्हणू नका. मुलाच्याच एच-१बीचा प्रश्न असतो बहुतेक वेळा.

प्राग आणि बँकॉकमध्ये पर्यटकांसाठी चालणाऱ्या रेंज आहेत. तिथे प्रशिक्षक शेजारी उभा राहून बार मारू देतो. नियम त्या-त्या देशाचे, तेव्हा तिथेही आधी विचारूनच जायचं.

रेंजवर

कपडे साधे, पण गळा बंद असलेला शर्ट घाला. शेजारच्या लेनवरून उडालेली काडतुसाची तापलेली पुंगळी गळ्यातून आत गेली की माणूस हातातल्या हत्यारासकट नाचतो, आणि तो नाच फार धोक्याचा. पाय झाकणारे बूट हवेत. अंगठ्या काढून ठेवा.

कानाला दुहेरी बंदोबस्त करा: आत फोमचे इअरप्लग, वर इअरमफ. मॅग्नमचा आवाज १६० डेसिबलच्या पुढे जातो आणि एका उघड्या बारानं कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. निम्मी दचक धक्क्याची नसून आवाजाची असते, त्यामुळे दुहेरी कान झाकले की नेमही सुधारतो. चष्मा असला तरी वरून सुरक्षा चष्मा लावायचा.

चार नियम सगळीकडे सारखे. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं धरायचं. जिकडे गोळी जाऊ द्यायची नाही तिकडे नळी फिरवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. टार्गेटच्या मागे काय आहे ते माहीत असलं पाहिजे. सेल्फीसाठी मागे वळलात की पहिले दोन एकदमच मोडतात, म्हणून फोन पिशवीत.

आता पायऱ्या. थेट .४४ मागू नका. .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशलची काडतुसं चालतात. त्यांचा धक्का तीन-साडेतीन ज्यूल, म्हणजे खेळणंच. तिथून सुरुवात करा. मग त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये .३५७. ते सहज वाटायला लागलं की .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर घ्या, पण त्यात आधी .४४ स्पेशल भरा, शेवटी मॅग्नम. कॅसुलच्या रिव्हॉल्व्हरमध्येही .४५ कोल्टची सौम्य काडतुसं अशीच चालतात. याच्या उलटं कधीच नाही: मॅग्नमचं काडतूस स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालायचा प्रयत्नसुद्धा करू नका. एखाद्या पायरीवर दचक परत आली तर एक पायरी खाली उतरा. लाजायचं काय त्यात?

मूठ धरणं हा सगळ्यात मोठा भाग, म्हणून यावर जास्त वेळ घालवा. ज्या हातानं ट्रिगर दाबणार, त्याचा अंगठा आणि तर्जनीमधला खळगा मुठीच्या मागे शक्य तितका वर बसवा, पण हॅमर, म्हणजे काडतुसावर ठोका मारणारा मागचा खटका, मागे येताना त्याला अडथळा होणार नाही इतपतच. दुसऱ्या हाताची बोटं पहिल्या हाताच्या बोटांवरून समोरून घट्ट गुंडाळा. जोर जास्त याच हाताचा. दोन्ही अंगठे खाली वळवून एकावर एक ठेवा. पिस्तूलवाले अंगठे पुढे, नळीच्या दिशेनं सरळ ठेवतात. ती सवय इथे बोट घालवेल. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट असते. बार झाला की त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण दोन्ही बाजूंना चाकूसारखे निघतात. .५०० सारख्या काडतुसाला तो झोत अंगठ्याचं मांस फाडू शकतो. म्हणून सिलिंडरच्या पुढे कोणतंही बोट नाही, आणि बघायला आलेली मंडळी मागे, बाजूला नाही.

पाय खांद्याएवढे फाकवून, एक पाऊल किंचित पुढे ठेवून उभे राहा. कंबरेतून थोडं पुढे झुका. मागे रेललात तर धक्का तोल घालवणार. कोपरं ताठ कुलूपबंद करू नका, पण लोळागोळाही नकोत. क्रिकेटचा चेंडू झेलताना हात मागे नेत झेलतो, तसं हत्याराला वर येऊ द्यायचं आणि हातांनी, खांद्यांनी त्याच्यासोबत जायचं. त्याला जागच्या जागी दाबून धरायला गेलात की नेम खाली जातो. मूठ मात्र सैल नको. मॅग्नमचे व्हिडिओ पाहिले असतील तर रिव्हॉल्व्हरची नळी कपाळावर आपटलेली माणसंही पाहिली असतील. त्यातल्या बहुतेकांची मूठ सैल आणि कोपरं लुळी असतात. एका हातानं मारायचा प्रश्नच येत नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: .४४ आणि त्यावरच्या प्रत्येक रिव्हॉल्व्हरमध्ये पहिल्यांदा एकच काडतूस भरायला सांगा. पूर्ण सिलिंडर नाही. जोरदार धक्क्यात हात सावरायला जातो, बोट आपोआप आवळतं आणि वर उसळलेल्या नळीतून दुसरी गोळी सुटते. अशा दुसऱ्या गोळीनं जीव गेलेले आहेत. शहाणा प्रशिक्षक स्वतःहूनच एक काडतूस देतो. जो पहिल्याच वेळी पाच भरून हातात ठेवतो, त्याला नम्रपणे नाही म्हणा.

हॅमर अंगठ्यानं मागे ओढून मारलं, म्हणजे सिंगल अ‍ॅक्शन, तर ट्रिगर बराच हलका लागतो. नवशिक्यानं तसंच मारावं. मात्र हॅमर मागे असताना ट्रिगरला बोट लागलं की बार झालाच समजा, म्हणून आधी नेम, मग बोट.

बार होतो तेव्हा जे जाणवतं ते असं: आधी तोंडावर गरम हवेचा थप्पड, मग छातीत धप्प, आणि तुमचे हात तुमच्या नकळत कपाळाच्या उंचीला. नळीपुढचा जाळ दिसलाच तर नारिंगी गोळ्यासारखा. टार्गेटकडे लक्ष जायला क्षण लागतो. या क्षणी घाई करू नका. नळी पुढेच ठेवून, बोट बाहेर काढून एक श्वास घ्या. बहुतेकांना इथे हसू फुटतं. हसा, पण नळी पुढेच.

ट्रिगर दाबला आणि नुसतं टक् झालं, तर काडतूस उशिरा पेटू शकतं. नळी टार्गेटकडे ठेवून निदान अर्धा मिनिट तसंच थांबा आणि प्रशिक्षकाला बोलवा. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला तर दुसरा अजिबात मारू नका. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि पुढचा बार नळी फोडेल. सिलिंडर फिरेनासा झाला, तर धक्क्यानं एखादी गोळी पुंगळीतून पुढे सरकलेली असू शकते. जोर लावू नका, प्रशिक्षक सोडवेल.

थांबायचं कधी? टार्गेटवरची भोकं खाली सरकायला लागली की. मॅग्नमचे सहा-आठ बार पुष्कळ झाले. पैसे भरलेत म्हणून पेटी संपवायची, हा आपला बुफेतला हिशोब इथे उपयोगाचा नाही. दमलेला हात दचक पक्की करतो. रात्री तळहात आणि अंगठ्याचं मूळ ठणकेल, बर्फ लावा. बोटांत मुंग्या दुसऱ्या दिवशीही राहिल्या तर डॉक्टर गाठा.

निघताना

हात आणि तोंड थंड पाण्यानं आणि साबणानं धुवा. शिशाचे कण अंगावर बसलेले असतात. त्याआधी खाणं-पिणं नाही. रेंजवर घातलेले कपडे धुऊनच बॅगेत भरा. विमानतळावर स्फोटकांचा माग घेणारी पट्टी बॅगेवरून फिरवतात, आणि बारूदाच्या अंशानं यंत्र वाजलं तर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायचं सोडून तुम्ही तिकडेच प्रश्नांची उत्तरं देत बसाल.

आठवण म्हणून रिकामी पुंगळी आणायचा मोह प्रत्येकाला होतो. .५०० ची पितळी पुंगळी दिसतेही मोठी देखणी. आणू नका. आपल्या कायद्यात काडतुसाचे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात, आणि बॅगेत काडतूस सापडलं म्हणून विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात गेलेल्यांच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. जॅकेटचे खिसे, पँटची घडी, बुटांचे तळवे, पाठपिशवीचा तळ, सगळं झटकून बघा. पुंगळ्या कुठेही जाऊन बसतात. भोकं पडलेलं कागदी टार्गेट मात्र खुशाल आणा.